बायोस अपडेटनंतर स्क्रीन काळी, डीरॅमचा दिवा अडकलाय. बोर्ड गेला का?

कीबोर्डवाली
रात्री ११:२०

आजवर इथे नुसती वाचत आले. पहिला धागा काढायची वेळ आली ती ही अशी.

दीड वर्षापूर्वी स्वतः जोडलेला संगणक आहे. रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५-६००० च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायची सेटिंग) चालू, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११. सीपीयूवरचा खटका दाबताना जो कर्रर्र आवाज येतो त्याने तेव्हा माझं अर्धं रक्त आटलं होतं, पण पहिल्याच दमात मशीन चालू झालं आणि तेव्हापासून मी घरात जरा ताठ मानेने वावरत होते. ती मान आज खाली आलीय.

झालं असं. स्लीपमध्ये टाकलेला संगणक अधूनमधून उठायचाच नाही. बटण दाबून बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. बोर्डच्या पानावर नवं बायोस (संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) दिसलं, खाली नेहमीची ओळ: स्थिरता सुधारली. (ही ओळ मागच्या पाचही आवृत्त्यांखाली आहे. मी अक्षरजुळणी करते, एकच मजकूर पाच ठिकाणी चिकटवलेला मला लांबूनही ओळखू येतो.) फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकली आणि बायोसमध्येच फ्लॅश करायची जी सोय असते तिथून अपडेट लावलं. पट्टी १०० टक्क्यांपर्यंत गेली, काही तक्रार नाही, आपोआप रीस्टार्ट झाला. आणि मग काहीच नाही.

पंखे फिरतात. कीबोर्डचे दिवे लागत नाहीत. मॉनिटर सिग्नल नाही म्हणतो आणि झोपतो. बोर्डवर कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए, बूट. कॅबिनेटचं झाकण दुपारपासून उघडंच होतं म्हणून दिसले तरी. त्यातला सीपीयूचा लाल क्षणभर लागून विझतो, मग डीरॅमचा पिवळा लागतो तो लागलेलाच.

केलेले उपाय: बटण दाबून धरून बंद, परत चालू. असं सहा-सात वेळा, दर वेळी मिनिट-दीड मिनिट वाट पाहून. पट्ट्या काढल्या, खोडरबराने पाय घासले, परत बसवल्या. एकच पट्टी लावली. मग दुसरी एकटी लावली. फरक शून्य.

फाइलींचा बॅकअप आहे, पण सगळे फॉन्ट आणि जुळणीचं सॉफ्टवेअर याच मशीनवर आहे आणि शुक्रवारी ३४० पानांचं पुस्तक छपाईला द्यायचंय. बोर्ड ब्रिक (पार निकामी) झाला म्हणतात तो हाच का?

बिटबिघाड
रात्री ११:३२

हो, लक्षणं तीच. बायोस अर्धवट लिहिलं गेलं असणार. सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारा छोटा बोर्ड) आणि आठ पायांच्या चिपला लावायचा चिमटा मागवा, लॅपटॉपवरून चिप परत लिहा. व्हिडिओ बघून जमतं.

जुनाखिळा
रात्री ११:५१

ताई, थांबा. चिमट्याचं नाव इतक्यात काढू नका.

तुम्ही दिव्यांचं जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. सीपीयूचा दिवा विझून डीरॅमचा लागतो, म्हणजे काहीतरी चालतंय. रायझनमध्ये मुख्य कोअर जागे व्हायच्या आधी आतला एक छोटा सुरक्षा प्रोसेसर उठतो, तोच फ्लॅश चिपमधून आपला प्रोग्राम वाचतो आणि तोच रॅम तयार करतो. चिपमध्ये कचरा असता तर गाडी डीरॅमच्या स्टेशनापर्यंत आलीच नसती. तेव्हा बोर्ड मेलेला नाही असं धरून चालू.

मला वाटतं तुमचं मशीन मेमरी ट्रेनिंग करतंय आणि तुम्ही दर दीड मिनिटाने त्याची मान दाबताय.

ट्रेनिंग म्हणजे काय ते थोडक्यात. तुमच्या पट्ट्यांच्या ६००० च्या वेगाला एकेका बिटच्या वाट्याला साधारण १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटीमीटर जातो. बोर्डवरच्या तारा, पट्ट्यांमधला बारीक फरक, सगळं जमेस धरून सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे सीपीयूला शोधावं लागतं. ठरावीक नमुने पाठवायचे, परत वाचायचे, वेळ किंचित मागेपुढे सरकवायची, पुन्हा वाचायचे. बायोस बदललं की जुना शोध रद्द. पट्टी बदलली, खाच बदलली, तरी रद्द. म्हणजे तुम्ही जे जे उपाय केलेत त्या प्रत्येकाने हिशोब पुन्हा पहिल्यापासून. खोडरबराने काही बिघडलं नाही, घडलंही नाही.

आता असं करा. एसएमपीएसचा मागचा खटका बंद. पुढचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलीसुरली वीज जाईल. सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसायच्या) दोन पिना पेचकसाच्या टोकाने दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर तो गोल सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा. एकच पट्टी, सीपीयूपासून दुसऱ्या खाचेत, दोन्ही टोकं बसेपर्यंत दाबून. मग चालू करा, घड्याळ बघा आणि १५ मिनिटं हात मांडीवर. मॉनिटर झोपला तरी चालेल, त्याला तुम्ही बटण दाबून उठवा, संगणकाला नको.

त्यातूनही काही झालं नाही, तर मागच्या बाजूला एका यूएसबीशेजारी फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते पाहा. असेल तर सीपीयू आणि रॅम नसतानाही बायोस परत लिहिता येतं. चिमटा त्याच्याही नंतर.

@बिटबिघाड, त्या काळ्या सीएच३४१ए बोर्डांपैकी बऱ्याच जणांच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, चिपला मात्र ३.३ लागतात, काही चिपना तर १.८ च. व्हिडिओ बघून धडधाकट चिप जाळलेली माणसं मी पाहिली आहेत.

अवांतर: २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने बायोस पुसले तेव्हा चिप खोबणीत बसवलेली असायची. तसाच दुसरा बोर्ड घ्यायचा, चालू करायचा, चालू असतानाच त्याची चिप उपटून पुसलेली बसवायची आणि लिहायचं. मी हे तीनदा केलंय. तिन्ही वेळा श्वास धरून.

रॅमराम
रात्री ११:५८

खिळेकाकांना +१. माझ्या ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांना पहिल्यांदा सहा मिनिटं लागली होती. मी वैतागून आंघोळीला गेलो, म्हणून वाचलो.

कीबोर्डवाली
रात्री १२:४४

खिळेकाका, पिना सापडल्या, सेलच्या बाजूलाच होत्या. १२:०९ ला बटण दाबलं आणि खरंच मांडीवर हात ठेवून बसले. दोन मिनिटांनी पंखे एकदम थांबून परत सुरू झाले तेव्हा हात निघालाच होता, आवरला. ४ मिनिटं २० सेकंदांनी पिवळा दिवा गेला.

मॉनिटरवर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली. आशय असा की एफटीपीएमची (प्रोसेसरमधला गुप्त किल्ल्या जपणारा कप्पा) जुनी नोंद जुळत नाही. वाय दाबलंत तर ती नव्याने तयार करतो, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन) असेल तर रिकव्हरी कीशिवाय डेटा मिळणार नाही. एन दाबलंत तर जुनं तसंच ठेवून पुढे जातो. हे वाचून मी एन दाबलं. शंका आली की खोडायचं नाही हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

मग बंद करून दुसरी पट्टी लावली, पुन्हा पाच मिनिटं, तीही ओळखली. ३२ जीबी, वेग ४८००. इथपर्यंत तुम्हाला साष्टांग.

पण विंडोज नाही. मशीन थेट बायोसच्या पानावर येऊन उभं राहतं. स्टोरेजच्या यादीत एनव्हीएमई नावासकट, १ टीबी, व्यवस्थित दिसते. बूटची यादी मात्र कोरी. आधी तिथे विंडोज बूट मॅनेजर अशी ओळ होती हे मला पक्कं आठवतं. बाहेर पडलं की परत त्याच पानावर. अपडेटने डिस्कवरचं काही पुसलं का?

बिटबिघाड
रात्री १२:५०

मगाचचं मागे घेतो. पण आता नक्की सांगतो: अपडेटने सेटिंग मूळपदावर आली, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद झालं. तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर यूईएफआयला (म्हणजे आजच्या बायोसला) ती दिसणार नाही. सीएसएम चालू करा.

रॅमराम
रात्री १२:५५

किंवा सरळ विंडोज नव्याने टाका. बॅकअप आहे म्हणताय ना, एक तासाचं काम.

जुनाखिळा
रात्री १:१०

नव्याने टाकायचं तर शेवटी. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर जुळवता जुळवता शुक्रवार उलटेल. सीएसएमचा अंदाज वाईट नाही, पण आधी त्यांच्या बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर अशी ओळ होती. जुन्या पद्धतीत तिथे नुसतं डिस्कचं नाव दिसतं. म्हणजे मांडणी यूईएफआयचीच आहे. आणि बायोसचं अपडेट तुमच्या एसएसडीवर काही लिहीत नाही.

एन दाबलंत ते उत्तम. उद्या मायक्रोसॉफ्ट खात्यात रिकव्हरी की आहे का ते मोबाइलवरून बघून ठेवा, ४८ आकडी असते. तोवर वाय दाबू नका.

आता दोन गोष्टी. पहिली, दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा, पहिल्या पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा म्हणजे कमांडची काळी खिडकी उघडेल. डिस्कपार्टमध्ये (डिस्कची पार्टिशनं हाताळायची कमांड) जाऊन एनव्हीएमई निवडा आणि तिच्यावरच्या पार्टिशनांची यादी जशी दिसेल तशी इथे उतरवा. नुसतं बघायचं, काही पुसायचं नाही.

दुसरी, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचतंय. कॅबिनेटचं झाकण दुपारपासून उघडं होतं. अपडेट संध्याकाळी केलंत. दुपारी झाकण कशाला काढलं होतं?

कीबोर्डवाली
सकाळी ८:१५

तुमचा प्रश्न रात्रीच वाचला आणि झोप गेली.

आधी यादी. नवऱ्याच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवला. एनव्हीएमईवर तीनच ओळी: रिझर्व्ड १६ एमबी, प्रायमरी ९३० जीबी, रिकव्हरी ७०० एमबीच्या आसपास. बस.

आता दुपारचं. आधीच्या संगणकातली २५० जीबीची साटा एसएसडी यात तशीच जोडून ठेवली होती. तिच्यावरचं जुनं विंडोज मी केव्हाच फॉरमॅट करून टाकलं होतं, नंतर ती जुनी पुस्तकं ठेवायची माळ्यावरची ट्रंक झाली. धाकट्या भावाला लॅपटॉपसाठी हवी होती म्हणून काल दुपारी काढून टेबलावर ठेवली. लिहिली नाही कारण तिचा यात काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. ती फक्त डेटाची डिस्क होती!

आणि हो, काढल्यानंतर विंडोज एकदाही चालू करून पाहिलं नाही. बायोसची फाइल सकाळीच पेनड्राइव्हवर घेतली होती; संध्याकाळी चालू केलं ते डिलीट दाबत दाबत थेट बायोसमध्येच गेले. म्हणजे बूट कधी गेलं, अपडेटआधी की नंतर, हे मला सांगताच येणार नाही. एरवी लेखकांना विचारत असते, हा परिच्छेद कधी गाळलात म्हणून.

जुनाखिळा
सकाळी ८:४०

सापडलं. यादीत सिस्टीम प्रकारची ओळ नाही, तीच हवी होती.

यूईएफआयला विंडोज कुठे आहे हे ठाऊक नसतं. त्याला फॅट३२ मधलं एक छोटं, लपवलेलं पार्टिशन हवं असतं, बहुतेक वेळा १०० एमबीचं. त्यात बूट मॅनेजर बसतो आणि तो पुढे विंडोजचा पत्ता सांगतो. दीड वर्षापूर्वी तुम्ही एनव्हीएमईवर विंडोज टाकलंत तेव्हा जुनी डिस्क जोडलेली होती. तिच्यावर असं पार्टिशन आधीपासून होतं. इन्स्टॉलरने नवं न करता तेच वापरलं. नंतर तुम्ही जुनं विंडोज फॉरमॅट केलंत ते फक्त मोठ्या पार्टिशनचं. छोटं लपलेलं असतं, त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, ते तुम्हाला दिसलंच नाही. दीड वर्ष तुमचं घर एनव्हीएमईवर आणि किल्ली त्या ट्रंकेत.

थोडक्यात काल दोन वेगळी दुखणी एकाच संध्याकाळी आली. काळी स्क्रीन ट्रेनिंगची. कोरी यादी डिस्कची. अपडेट केलं नसतंत तरी विंडोज चालू झालं नसतं.

डिस्क परत जोडा. बाकी काही करू नका.

कीबोर्डवाली
सकाळी ९:०५

जोडली. बूटच्या यादीत ओळ आपसूक परत आली. विंडोज उघडलं. पिन चालेना, उपलब्ध नाही म्हणालं, पासवर्डने आत शिरले. पुस्तक जागच्या जागी आहे.

मी पाच मिनिटं नुसती खुर्चीत बसले होते.

बिटबिघाड
सकाळी ९:२०

पिन एफटीपीएमच्या भरवशावर असतो, म्हणून. एवढं तरी माझं बरोबर असू दे.

जुनाखिळा
सकाळी ९:४५

बरोबर आहे.

ताई, आधी पुस्तकाची आणखी एक प्रत बाहेर काढा. मग किल्ली घरात आणू.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह ३०० एमबीने आकसवा. नंतर काळी खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून. डिस्कपार्टमध्ये डिस्कांची यादी मागा. क्रमांकावर विसंबू नका, आकार बघा: तुमची १ टीबीची ९३१ जीबी दाखवेल, जुनी २३२ जीबी. ९३१ वाली निवडा. तिच्यावर ईएफआय प्रकारचं ३०० एमबीचं पार्टिशन तयार करा, फॅट३२ मध्ये क्विक फॉरमॅट करा, त्याला एस हे अक्षर द्या. डिस्कपार्टमधून बाहेर. मग बीसीडीबूट ही कमांड: आधी सीवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता, मग एस या ठिकाणी लिही असं सांगायचं, शेवटी प्रकार यूईएफआय. बूट फाइल तयार झाल्याचं एका ओळीत सांगेल. तशी ओळ आली नाही तर पुढे जाऊ नका, इथे लिहा.

मग बंद करा, जुनी डिस्क काढा, चालू करा.

एनक्रिप्शनचं बघितलंत का?

कीबोर्डवाली
सायंकाळी ६:३०

खात्यात एकही की नाही. मॅनेज-बीडीई ला (बिटलॉकरची कमांड) स्थिती विचारली तर दोन्ही ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्टेड. तरी दोनदा वाचलं. मग त्या काळ्या पाटीवर शेवटी वाय दाबलं आणि पिन नव्याने केला.

पार्टिशनचं जमलं. एंटर दाबायच्या आधी ९३१ हा आकडा तीनदा बोट ठेवून वाचला. पहिल्यांदा बीसीडीबूट चिडलं, कारण मी रेघ उलटी दिली होती. प्रुफातली चूक! दुसऱ्यांदा ती ओळ आली. डिस्क काढली, चालू केलं, सरळ विंडोज.

दोन शंका उरल्या. आता प्रत्येक वेळी चालू करताना लोगो यायला ४० सेकंद लागतात, आधी इतके लागत नव्हते. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर असं काहीतरी दिसतंय, ते लावू का? आणि एक्स्पो परत चालू करू की ४८०० वरच राहू देऊ?

रॅमराम
सायंकाळी ६:४५

तेच. ते लावलं की मागच्या ट्रेनिंगचा निकाल जपून ठेवतो आणि दर वेळी पुन्हा शोधत बसत नाही. अपडेटने ते बंद झालं असणार.

जुनाखिळा
सायंकाळी ७:१०

शुक्रवारपर्यंत कशालाच हात लावू नका. ४० सेकंद बसून काढा.

पुस्तक गेलं की आधी फक्त एक्स्पो चालू करा. पुन्हा चार-पाच मिनिटं लागतील, घाबरू नका. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा. एकही चूक नाही आली तर दुसऱ्या दिवशी कॉन्टेक्स्ट रिस्टोर लावा. दोन्ही एकदम लावू नका, नाहीतर निळी स्क्रीन आली तर कोणामुळे ते कळणार नाही. आलीच तर आधी कॉन्टेक्स्ट रिस्टोर बंद करून बघायचं.

भावाला डिस्क द्यायच्या आधी ती डिस्कपार्टच्या क्लीनने पूर्ण पुसा. नुसतं फॉरमॅट केलंत तर ते छोटं पार्टिशन तसंच राहील, आणि उद्या त्यानेही ती जोडलेली असताना विंडोज टाकलं तर हाच धागा तो काढेल.

कीबोर्डवाली
शनिवार, दुपारी १:०५

पुस्तक गेलं. डिस्क यूएसबी खोक्यात घालून पुसली, यादीत २३२ पाहून. एक्स्पो लावलं, ५ मिनिटं १० सेकंद. मेमटेस्ट रात्रभर चालला, चूक शून्य. कॉन्टेक्स्ट रिस्टोर आत्ता लावलंय, लोगो १२ सेकंदांत आला.

स्लीपमधून गेल्या तीन दिवसांत सहा वेळा उठवला, सहाही वेळा उठला.

कॅबिनेटचं झाकण मात्र अजून लावलेलं नाही.